पंचनामा : आधी बेरीज, मग बोंबाबोंब

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेलो. बॉक्सिंगच्या टायटल फाइटचा, म्हणजे किताबाच्या लढतीचा, निकाल आपल्याला पटला नाही म्हणजे तो विकलाच गेला असं नसतं, असं ते वाक्य. तेवढ्यावर पत्रांचा ढीग आला. एकाने तर सरळ विचारलं, "सर, तुम्ही पंचांची वकिली घेतली आहे का?" घेतली आहे. अकोल्यात ३१ वर्षं शाळेत पी.टी. शिकवली आणि जवळजवळ तितकीच वर्षं रिंगच्या कडेला खुर्चीवर बसून दुसऱ्यांचे ठोसे मोजले. आपल्या भाषेत मारणाऱ्याचा तो 'पंच' आणि मोजणाराही 'पंच'च. टाळ्या पहिल्याला, शिव्या दुसऱ्याला. तर या वेळी सगळा पंचनामा याच एका विषयाचा.

मॅनी पॅकियाओ आणि टिमोथी ब्रॅडलीची फाइट मी यूट्यूबवर तीनदा पाहिली. तिन्ही वेळा पॅकियाओच जिंकला. मग बेल्ट ब्रॅडलीला कसा? हे आधी ठरलेलं नव्हतं तर काय होतं? — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, इचलकरंजी

बाळा, तुझ्यासारखंच बहुतेक सगळ्या जगाला वाटलं होतं. ९ जून २०१२, लास व्हेगास. डब्ल्यूबीओ या किताब देणाऱ्या संघटनेचा वेल्टरवेट वजनगटातला किताब, तेव्हा पॅकियाओकडे असलेला. पण आधी पंचांचे गुणांचे कागद बघू.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये फेरी जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला ९ गुण. खाली पडला तर बहुतेक वेळा ८. तीन पंच तीन बाजूंना बसतात आणि एकाला दुसऱ्याचं काही कळत नाही. फेरी संपली की चिठ्ठी रिंगमध्ये उभ्या असलेल्या रेफ्रीच्या हातात, म्हणजे मागे जाऊन सुधारायची सोय नाही. १२ फेऱ्यांत कोणी पडलं नाही आणि आकडा ११५-११३ आला, तर ७ फेऱ्या एकाच्या आणि ५ दुसऱ्याच्या. त्या रात्री तिघांनीही नेमका हाच आकडा लिहिला. जेरी रॉथने तो पॅकियाओच्या बाजूने लिहिला, ड्युएन फोर्ड आणि सी. जे. रॉस यांनी ब्रॅडलीच्या. ओरड 'दिवसाढवळ्या दरोडा' अशी झाली. आता या दोघांपैकी कोणाही एकाची एकच फेरी उलटी करून बघ. त्याचा कागद ११४-११४ होतो आणि लढत बरोबरीत सुटून बेल्ट पॅकियाओकडेच राहतो. एवढ्या बारीक धाग्यावर ते लटकलं होतं.

नंतर डब्ल्यूबीओने पाच पंचांना बसवून व्हिडिओ दाखवला. पाचही जणांनी पॅकियाओला दिलं. निकाल मात्र तोच राहिला. लढत भरवणारे, म्हणजे प्रमोटर, बॉब अॅरम यांनी चौकशीची मागणी केली, नेवाडाच्या अॅटर्नी जनरलकडे प्रकरण गेलं, गुन्ह्याचा पुरावा काही सापडला नाही. (अॅरम दोघांचेही प्रमोटर होते. कोणीही जिंकलं तरी दुकान त्यांचंच.) पुढे सप्टेंबर २०१३मध्ये फ्लॉइड मेवेदरने कॅनेलो अल्वारेझला अक्षरशः शाळेत बसवलं. दोन पंचांनी ११६-११२ आणि ११७-१११ लिहिलं. याच रॉसबाईंनी ११४-११४ लिहिलं आणि त्यानंतर त्या पंचगिरीतून बाजूला झाल्या. माझं मत विचारशील तर त्या विकल्या गेल्या नव्हत्या, त्यांना दिसतच नव्हतं. खेळाडूला दोन्ही गोष्टींचा मार सारखाच बसतो, हे खरं.

तू चौथ्यांदा पाहा, पण टीव्हीचा आवाज बंद करून. समालोचक आधी ठरवतो आणि आपण नंतर पाहतो. प्रत्येक फेरीनंतर आकडा लिहून पुढे जा. माझ्या कागदावर ११७-१११ पॅकियाओ. तुझा आकडा कळव.

माझे आजोबा लालबागच्या गिरणीत होते. 'डेम्प्सीला घड्याळाने हरवलं' असं ते नेहमी म्हणायचे. आम्हाला कधी काही कळलं नाही. हे काय प्रकरण? — एक वाचिका, डोंबिवली

ताई, आजोबांचं वाक्य फार छान आहे आणि निम्मं चूक आहे.

२२ सप्टेंबर १९२७, शिकागोचं सोल्जर फील्ड. तिकीट काढून आलेले लाखावर लोक, २६ लाख डॉलरवर गल्ला. जीन टनी जगज्जेता. जॅक डेम्प्सी वर्षभरापूर्वी त्याच्याकडूनच किताब गमावलेला, म्हणजे हिशेब चुकता करायला आलेला. सातव्या फेरीत डेम्प्सीने असा सपाटा लावला की टनी दोरखंडाजवळ बसलाच. आयुष्यात पहिल्यांदा खाली. आता नियम असा, की समोरचा पडला तर उभ्या असलेल्याने दूरच्या, कोणाच्याच नसलेल्या कोपऱ्यात जायचं. तो तिथे पोचेपर्यंत रेफ्री मोजणार नाही. डेम्प्सीची जुनी सवय होती पडलेल्याच्या डोक्यावर उभं राहायची, उठला की पुन्हा हाणायचा. रेफ्री डेव्ह बॅरी कोपऱ्याकडे बोट दाखवतोय आणि हा जागचा हलत नाही. तो गेला तोवर चार-पाच सेकंद सरले होते. मग बॅरीने 'एक'पासून सुरुवात केली आणि टनी 'नऊ'ला उठला. घड्याळाप्रमाणे १३-१४ सेकंद. पुढच्या फेरीत टनीने डेम्प्सीलाच खाली बसवलं आणि दहा फेऱ्यांनंतर गुणांवर जिंकला.

दहा मोजायचे ते रेफ्रीच्या तोंडाने, भिंतीवरच्या घड्याळाने नाही. त्यामुळे घड्याळाचा यात दोष नाही. डेम्प्सीला हरवलं ते त्याच्या पायांनी, म्हणजे त्या कोपऱ्याकडे वेळेवर न वळलेल्या पायांनी. मी आधीही उठू शकलो असतो, असं टनी जन्मभर सांगत राहिला. चित्रफितीत तो रेफ्रीकडे बघत मोजणी ऐकताना दिसतो, म्हणून मला त्याचं पटतं. तुमच्या आजोबांना पटलं नसतं.

जाता जाता. टनीच्या वाट्याला दहा लाखांना साडेनऊ हजारांच्या आसपास कमी पडत होते. त्याने तेवढ्या रकमेचा चेक प्रमोटरला दिला आणि त्याच्याकडून पूर्ण दहा लाखांचा एकच चेक घेतला. कौतुकाचा चेक! आपल्याकडे असा चेक फ्रेम करून देवघराशेजारी लावला असता.

अहिल्यानगरला २०२५च्या महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षेचे खांदे टेकले की नाही यावरून केवढं रामायण झालं. पंचाला लाथ बसली, तीन वर्षांची बंदी आली. बॉक्सिंगमध्ये तरी व्हिडिओ पाहून निकाल फिरवतात का? — वाचक, कोल्हापूर

भाऊ, सहसा नाही. बेरीज चुकली, नियमच उलटा लावला किंवा लबाडी सिद्ध झाली, तर फिरतो. पंचाच्या डोळ्याला काय दिसलं यावर अपील नसतं.

प्रयत्न मात्र झालेत. ११ फेब्रुवारी १९९०, टोकियो. माइक टायसनसमोर बस्टर डग्लस, ज्याच्यावर व्हेगासच्या सट्ट्यात एकाला ४२चा भाव होता. आठव्या फेरीच्या शेवटी टायसनच्या अपरकटने, म्हणजे खालून वर आलेल्या ठोशाने, डग्लस पडला. रेफ्री ऑक्टाव्हिओ मेरान टाइमकीपरच्या मोजणीपेक्षा मागे राहून मोजत होता, डग्लस त्याच्या 'नऊ'ला उठला आणि दहाव्या फेरीत त्याने टायसनलाच झोपवलं. टायसनचा प्रमोटर डॉन किंग लगेच डब्ल्यूबीसी आणि डब्ल्यूबीए या किताब देणाऱ्या संघटनांच्या बड्यांना घेऊन बसला, दोघांनी निकाल लटकवून ठेवला. लोकांनी अशी काही हजेरी घेतली की चार दिवसांत दोघेही गुमान मागे फिरले. टायसन हातांवर-गुडघ्यांवर दातरक्षक शोधतोय, हे साऱ्या जगाने पाहिलं होतं. त्यावर कागदी अर्ज काय चालणार?

लाथेबद्दल एवढंच. मी लाथ खाल्लेली नाही. चप्पल एकदा आली होती, एकच. दुसरी आली असती तर जोड झाला असता.

दोन सेकंद उरले असताना जिंकणाऱ्या माणसाची फाइट थांबवणारा रेफ्री माणूस म्हणावा का? — वाचक, खामगाव

तुम्ही १७ मार्च १९९०बद्दल बोलताय. मेल्ड्रिक टेलर विरुद्ध हुलिओ सेझार चावेझ, रेफ्री रिचर्ड स्टील.

बेरीज तुमच्या बाजूची आहे. अकरा फेऱ्यांनंतर टेलर एका कागदावर १०७-१०२, दुसऱ्यावर १०८-१०१ असा पुढे, तिसऱ्यावर चावेझ एका गुणाने पुढे. शेवटची फेरी चावेझला १०-८ दिली असती तरी टेलर दोन कागदांवर आरामात जिंकला असता. फक्त घंटा वाजायला हवी होती.

पण रेफ्रीच्या हातात कागद नसतो हो, समोर माणूस असतो. टेलर पडला, उठला. स्टीलने दोनदा विचारलं, ठीक आहेस का? उत्तर नाही. टेलरची नजर कोपऱ्याकडे, तिथे त्याचाच गुरू रिंगच्या कठड्यावर चढून आलेला. स्टीलने हात हलवून लढत थांबवली. नंतर दवाखान्यात कळलं की चेहऱ्याचं हाड मोडलंय आणि त्याने बरंच रक्त गिळलंय. टेलर पुन्हा पूर्वीसारखा कधी झाला नाही. शेवटच्या दहा सेकंदांना कोपऱ्यावर लाल दिवा लागतो, तो स्टीलला दिसायला हवा होता का? मी त्या जागी असतो तर दिवा बघितला नसता, पोराचे डोळे बघितले असते. यावर माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं ३५ वर्षं भांडण चालू आहे. तुमची त्याच्याशी गाठ घालून देतो.

५ ऑगस्ट २०१७ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये विजेंदर सिंगची फाइट प्रत्यक्ष पाहिली. घरचं मैदान म्हणून जिंकवलं असं मित्र म्हणतात. — वाचक, ठाणे

तुमच्या मित्रांना खाली बसवा आणि बेरीज करायला लावा. विजेंदर आणि चीनचा झुल्पिकार मैमैतियाली, दोघांचे आशियाई पातळीवरचे डब्ल्यूबीओ किताब पणाला. दहा फेऱ्या. निकाल ९६-९३, ९५-९४, ९५-९४. दहा फेऱ्यांची १० आणि ९ अशी बेरीज १९० व्हायला हवी. इथे तिन्ही कागदांवर १८९. म्हणजे एक गुण कुठेतरी कापला गेला. तो मैमैतियालीचा, कंबरेखाली मारण्यापायी. तो गुण परत देऊन बघा. दोन कागद ९५-९५ होतात आणि लढत बरोबरीत जाते!

सबब, विजेंदरला मुंबईने जिंकवलं नाही. त्या चिनी पोराला त्याच्या स्वतःच्या खाली घसरणाऱ्या हाताने हरवलं. ते ठोसे तिथे बसलेल्या तुम्हाला पंचांपेक्षा कमी दिसले नसतील. लोकांना मात्र आठवतं ते नंतरचं भाषण. चीनच्या सीमेवर डोकलामचा तणाव चालू होता, म्हणून विजेंदर म्हणाला की सीमेवर शांतता राहावी यासाठी बेल्ट परत द्यायला तयार आहे. छान बोलला. कागदावरच्या त्या एका गुणाकडे मात्र कोणी बघितलंच नाही.

इथे पबमध्ये अजूनही कोणी ना कोणी १९९९ची लुईस-होलीफिल्ड फाइट काढतो आणि 'त्या अमेरिकन बाईने' विकली म्हणून टेबल आपटतो. तुमचं काय म्हणणं? — वाचक, लेस्टर, इंग्लंड

तुमच्या पत्राची मी वाटच बघत होतो. नीट लिहितो, टेबलावर पुरेल असं.

१३ मार्च १९९९, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. इव्हँडर होलीफिल्डकडे डब्ल्यूबीए आणि आयबीएफचे बेल्ट, लेनॉक्स लुईसकडे डब्ल्यूबीसीचा. जिंकेल तो हेवीवेटचा निर्विवाद जगज्जेता. लुईसने अख्खी रात्र लांब हाताचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, चालवला. लागलेल्या ठोशांचा हिशेब ३४८ विरुद्ध १३०. पाचव्या फेरीत तर ४३ विरुद्ध ११. आणि अमेरिकन पंच युजेनिया विल्यम्स यांनी ती पाचवी फेरी होलीफिल्डला दिली. त्यांचा पूर्ण कागद ११५-११३ होलीफिल्ड. दक्षिण आफ्रिकेचे स्टॅनली क्रिस्टोडूलू ११६-११३ लुईस. तिसरा कागद ११५-११५. लढत बरोबरीत, सगळे आपापले बेल्ट घेऊन घरी.

सगळा गहजब त्या पाचव्या फेरीवरून झाला. न्यूयॉर्कमध्ये चौकश्या बसल्या. विल्यम्सबाई म्हणाल्या, टीव्हीवर जे दिसतंय ते मला त्या रात्री माझ्या जागेवरून दिसलं नव्हतं, मध्ये फोटोग्राफर येत होते. लोक हसले. मी हसलो नाही, कारण रिंगच्या कडेला बसणाऱ्या पंचाला अर्धा वेळ रेफ्रीची पाठच दिसते. पण मान्य, ४३ आणि ११ यातला फरक पाठीआडूनही कळायला हवा.

आता गंमत बघा. ती बदनाम फेरी त्यांच्याकडून काढून लुईसला द्या. त्यांचा कागद होतो ११४-११४. एक कागद लुईसचा, दोन बरोबरीचे. निकाल? पुन्हा बरोबरीच! ज्या फेरीसाठी त्या बाईंना पंचवीस वर्षं शिव्या बसताहेत, ती फेरी सुधारूनही लुईसच्या हातात काही पडत नाही. आता दुसरं करून बघा. बाईंचा कागद आहे तसाच ठेवा आणि त्या ११५-११५ वाल्याची एक फेरी फिरवा. लुईस जगज्जेता! आणि तो ११५-११५ लिहिणारा कोण? लॅरी ओकॉनेल. तुमचाच, इंग्लंडचा. पबमध्ये हे हळू आवाजात सांगा आणि दाराजवळ बसा.

मग तिथे काही काळंबेरं नव्हतंच, असं मी म्हणत नाही. खरी कीड खुर्चीत बसलेल्या पंचापेक्षा वरच्या मजल्यावर असते. किताब ज्या संघटनेचा, ती खेळाडूच्या मानधनातून फी घेते. पंच नेमताना तिचा शब्द चालतो. पंचाचं मानधन आणि प्रवासखर्च शेवटी प्रमोटरच्या गल्ल्यातून येतो. वर कोणाला कितवा क्रमांक द्यायचा, म्हणजे किताबाला कोण आव्हान देणार, हेही तीच संघटना ठरवते. त्याच १९९९च्या नोव्हेंबरमध्ये आयबीएफचे संस्थापक अध्यक्ष रॉबर्ट ली यांच्यावर क्रमवारीसाठी पैसे घेतल्याचे आरोप ठेवले गेले. मुख्य आरोपांतून ते सुटले, पण मनी लाँडरिंग आणि करचुकवेगिरीत अडकले आणि २२ महिन्यांची शिक्षा झाली. पबमध्ये त्यांचं नाव कोणी घेतं का? ते कोणाला टीव्हीवर दिसले नव्हते ना.

लुईसने त्याच नोव्हेंबरात व्हेगासमध्ये दुसरी लढत तिन्ही कागदांवर जिंकली. पहिलीपेक्षा ती जास्त अटीतटीची होती, हे आणखी एक.

सर, मी १९ वर्षांची आहे. आठवीपासून बॉक्सिंग केलं, गुडघा गेला. आता पंचाची परीक्षा द्यायची आहे. बाबा म्हणतात, शिव्या खायचं काम आहे. तुमच्याकडून कधी चूक झाली का? — विद्यार्थिनी, मलकापूर

झाली. तू विचारलंस म्हणून पहिल्यांदाच लिहितो.

१९८६ची गोष्ट. विदर्भातलंच एक गाव, नाव नको. तेव्हा हौशी बॉक्सिंगमध्ये पाच पंच, तीन फेऱ्या आणि फेरी जिंकणाऱ्याला २० गुण असायचे. कागदाचे चिटोरे, मंडपाचं छत, दोन हॅलोजन. फायनल. लाल कोपऱ्यात गावातलाच मुलगा, निळ्यात बाहेरून आलेला, बारीक चणीचा. पहिली फेरी मी निळ्याला दिली. दुसऱ्या फेरीत लालने हातांची चक्की सुरू केली आणि प्रत्येक ठोशाला मंडप उठून ओरडायला लागला. निळ्याने बहुतेक ठोसे ग्लोव्हजवर घेतले. अधूनमधून तो एकच सरळ डावा मारत होता, अगदी स्वच्छ, पण त्यावर ओरडायला त्याचं कोणी नव्हतं. माझ्या कानांनी ती फेरी लालला दिली. तिसरी लालचीच होती. माझा कागद ५९-५८ लाल. निकाल ३-२ लाल.

रात्री धर्मशाळेत झोप येईना म्हणून मी दुसरी फेरी डोळ्यांसमोर पुन्हा चालवली, या वेळी आवाजाशिवाय. निळ्याची होती. उलटी केली तर माझा कागद ५९-५८ निळा आणि निकाल ३-२ निळा. कितीही वेळा बेरीज केली तरी तेच. मला कोणी पैसे दिले नव्हते, चहासुद्धा मी माझ्या खिशातून प्यालो होतो.

म्हणून तुला सांगतो. ठोसा कुठे लागला ते बघ. ग्लोव्हजच्या पुढच्या, पांढऱ्या भागाने लागला का ते बघ. हातांच्या वेगावर जाऊ नकोस आणि गर्दीच्या आवाजाला दाद देऊ नकोस. घंटा झाली की लगेच लिही, शेजारच्या पंचाच्या तोंडाकडे बघू नकोस. जेवणाच्या पंगतीत संघाचा मॅनेजर शेजारी येऊन बसला तर पान उचलून दुसरीकडे जाऊन बस. उद्धट दिसेल, दिसू दे.

तो निळ्या कोपऱ्यातला मुलगा पुढे पोलिसात लागला. चारेक वर्षांपूर्वी बँकेच्या रांगेत भेटला, डोक्यावरचे केस गेलेले. त्यानेच मला ओळखलं. पाया पडला आणि सरळ म्हणाला, "सर, ते दुसरी फेरी कोनाची होती?" मी म्हणालो, "तुझी." तो हसला. "मले मालूम होतं," म्हणाला आणि माझं पासबुक भरून आणायला स्वतः खिडकीशी गेला.

परीक्षेची तारीख कळव. बाबांना माझा नमस्कार सांग. शिव्यांबद्दल त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे.